डाव्या चाकाची चाकोरी

मोहपाडा, पिंपळनेरजवळ
६ ऑक्टोबर २०२४

वनामामा, पाया पडतो.

फोन करून उपयोग नाही. तुमचे कान गेले आणि माझ्या रानात रेंज नाही, म्हणजे मामा-भाचे बरोबरीत सुटले. म्हणून हा कागद. दुधाच्या गाडीबरोबर पिंपळनेरला जाईल, तिथून एसटीचा ओळखीचा कंडक्टर जळगावला आणेल. उत्तर त्याच्याच हाती द्या.

सुलक्षणा तुमच्याकडे नीट आहे ना? तिला आई नाही, पहिलं बाळंतपण, आणि इथून दवाखाना लांब. मामींनी तिला पिंप्राळ्याला बोलावून घेतलं तेव्हा माझ्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. जानेवारीत बाळ होईल. त्याच्या आत हे रान लागवडीला आणायचं आणि दोघांना इथे आणायचं, एवढंच माझं ठरलंय. आता तुमच्याकडे एक काम आहे.

मी ट्रॅक्टर घेतला! जुना आहे, पण आपला पहिला. इंजिन खणखणीत. टायर मात्र घोटून गुळगुळीत, आमच्या आबांच्या टकलासारखे. आबांच्या वाटणीचं हे रान तुम्ही एकदाच पाहिलंय. साग, पळस, मोह, धावडा. परवानगी काढून मधली झाडं तोडली, पण खुंट तसेच आहेत. जमीन कुठे मऊ, कुठे मुरमाड, आणि ओढ्याकडे उतार. अशा रानात कोणते टायर घ्यावेत? धुळ्याचा दुकानदार म्हणतो रुंद घ्या, शेजारचा म्हणतो अरुंद घ्या. तुम्ही पिंप्राळ्यात उभा जन्म टायरांत घालवलात. तुम्ही म्हणाल ते घेतो.

एक गोष्ट नशिबाची झाली. झाडांच्या मधून पाड्यापासून नदीपर्यंत एक सरळ वाट आयतीच मिळाली. ट्रॅक्टर आरामात जाईल इतकी रुंद. दोन्ही बाजूंना गच्च रान, पण वाटेवर एक रोप उगवलेलं नाही. देवानेच माझ्यासाठी ठेवली म्हणा ना.

तुमचा,
प्रेमराज


पिंप्राळा, जळगाव
१४ ऑक्टोबर २०२४

ट्रॅक्टरवाल्या भाचेबुवांना वनामामाचा आशीर्वाद.

कसं काय शे? इथं बठ्ठं बरं शे, सगळं ठीक. सुलक्षणा खाते-पिते आणि तुझी मामी तिला अजून खायला घालते. मला काही ऐकू येत नाही, त्यामुळे दोघी माझ्यासमोरच माझी टिंगल करतात आणि वर हसतात. हसू दे. घर भरलंय.

आता टायर. नीट वाच, नाहीतर मागच्यासारखं अर्धं वाचून पळशील.

रुंद टायर घेऊ नकोस. रुंद टायर दिसायला पैलवान, पण तुला खुंटांच्या मधून वाट काढायचीय. मागे तेरा-सहा-अठ्ठावीस घे, उंच दातांचा, प्लाय जास्त असलेला, म्हणजे कूस जाड. खुंट टायरला तळाशी मारत नाही, कुशीत मारतो. रिमोल, म्हणजे जुन्यावर नवा थर चढवलेल्या टायरच्या भानगडीत पडू नकोस. मी आयुष्यभर रिमोलच केले, म्हणून सांगतो. रस्त्याला ठीक, रानात पापुद्रा निघतो. पुढे सहा-सोळाचे चालतील, पण नवे घे.

मागच्या दोन्ही टायरांत पाऊण भागापर्यंत पाणी भरून घे. हलका ट्रॅक्टर जंगलात नुसता चाकं फिरवत बसतो आणि उतारावर कलंडतो. ट्रॅक्टरला वजन पाहिजे रे. वजन असलं की तो जमीन धरतो.

कुशीवर बाण असतो, तो पुढे फिरण्याच्या दिशेला हवा. बसवणारा पोरगा उलटा बसवेल, तू उभा राहून पाहा. आणि बसवल्यावर ओल्या मातीतून चालव, उतर, आणि चाकोरी पाहा. टायर कसा आहे ते टायर सांगत नाही, चाकोरी सांगते. नीट बसलेल्या टायरच्या ठशात टोक मागे असतं, आलास तिकडे. दोन्ही बाजूंचा ठसा सारखा खोल हवा. कसा उमटला ते मला कळव, इथे बसून मी तुझा ट्रॅक्टर बघेन.

त्या आयत्या वाटेचं मला काही समजलं नाही. रानात वाट आपोआप राहत नाही. कोणीतरी चालतं म्हणून राहते. कोण चालतं तिथून?

वनामामा


मोहपाडा
८ नोव्हेंबर २०२४

मामा, दंडवत.

दिवाळी झाली. टायर बसले! तुम्ही सांगितले तेच, बाण पाहून, पाणी भरून. काळेभोर, दात एवढे उंच की हात फिरवत बसावंसं वाटतं. सुलक्षणाला सांगा, तिच्या नवऱ्याचा ट्रॅक्टर आता नवरदेवासारखा दिसतो.

वाटेचं विचारलंत. कोणी चालत नाही. पाड्यावरची माणसं ओढ्याच्या कडेने लांबून जातात. मी विचारलं तर दिवल्याबाबा म्हणाले, "ती वाट चालानी नही, भाऊ." दिवल्याबाबा म्हणजे पाड्यातले सगळ्यांत म्हातारे. चालायची नाही तर ठेवली कशाला, असं मी म्हटलं. ते हसले नाहीत.

वाटेच्या मधोमध एक चपटा दगड होता, पाटासारखा, वरून झिजून गुळगुळीत झालेला. ट्रॅक्टर अडत होता म्हणून साखळी लावून ओढून काढला. झकास निघाला. आता उतारावर उभं करताना चाकामागे लावतो, हलत नाही.

टायरची पूजा तिथेच वाटेवर केली. नारळ फोडला, चारी टायरांखाली लिंबं ठेवली आणि गाडी पुढे घेतली. तीन लिंबं फुटली. मागच्या डाव्या चाकाखालचं तसंच राहिलं, साल सुद्धा दबली नाही. मी उचलून हुंगलं, मामा, ताजं होतं. एवढं पाणी भरलेला टायर वरून गेला आणि लिंबू शाबूत! चाक खळग्यात गेलं असेल म्हणून मी सोडून दिलं.

मग तुमची परीक्षा. वाटेवर पाणी शिंपडून माती ओली केली आणि चालवला. उजव्या चाकाची चाकोरी छान, दात न् दात मोजून घ्या. डाव्या मागच्याची जवळजवळ नाहीच, फक्त धूळ हलल्यासारखी. वाटेवरून खाली उतरून वावरात चालवला तर दोन्ही सारख्या. मग वाटेवरच असं का?

बाकी गावाने ट्रॅक्टरला मान दिला म्हणायचं! मी वाटेने जातो तेव्हा शेळ्या चारणाऱ्या बायाबापड्या थांबतात, बाजूला सरून उभ्या राहतात. पुरुष डोक्याचं फडकं काढतात, हात जोडतात. इतका मान मला लग्नात मिळाला नव्हता.

प्रेमराज


पिंप्राळा
१५ नोव्हेंबर २०२४

प्रेमराज,

एका बाजूची चाकोरी उमटत नाही म्हणजे वजन त्या बाजूला पडत नाही. एवढं सोपं आहे. कारण शोध. डाव्या टायरात पाणी कमी भरलं असेल आणि हवा जास्त मारली असेल, तर टायर फुगून मधल्या दातांवर चालतो. व्हॉल्व्ह उघडून पाणी बघ. वाट डावीकडे उंच असेल तर वजन उजवीकडे जातं, तेही बघ. रिम वाकलेली आहे का, एक्सलचे बोल्ट घट्ट आहेत का. डाव्या चाकाला लोखंडी वजन लाव.

हे सगळं करून बरं नाही झालं तर वाटेवर चुना पसरव आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालव. मग उतरून सगळी वाट पायी बघत जा. कुठून कुठपर्यंत उमटत नाही ते नेमकं लिही.

लिंबाचं मामीला वाचून दाखवलं नाही. तूही सुलक्षणाला लिहू नकोस. या दिवसांत नको त्या गोष्टी डोक्यात बसतात.

आणि माणसं ट्रॅक्टरला हात जोडत नाहीत रे. मी हजार ट्रॅक्टर पाहिलेत, पोरं मागे धावतात, म्हातारे शिव्या घालतात. फडकं कोणी काढत नाही. काय ते विचार त्यांना.

वनामामा


मोहपाडा
१ डिसेंबर २०२४

मामा,

टायरांत तुम्ही राजे आहात, पण यावेळी तुम्हीही हराल.

डाव्या टायरात पाणी पुरेपूर आहे. हवा बरोबर. रिम सरळ. वाट सपाट, तांब्यात पाणी ठेवून पाहिलं. लोखंडी वजन लावलं. मग भर दुपारी चुना पसरला, डोक्यावर लख्ख ऊन. पाड्याकडून निघालो. मागे वळून पाहतो तर उजवीकडची रेघ स्पष्ट, डावीकडे नुसती पुढच्या चाकाची बारीक रेघ, मागच्याचा ठसाच नाही. जिथून दगड काढला तिथपर्यंत असंच. आणि तिथून पुढे गंमत बघा, मागचं डावं चाक उमटायला लागलं आणि पुढचं डावं उमटेना! कोणीतरी मागचा माणूस पुढे गेला आणि पुढचा मागे आला, असं वाटलं. मी एकटाच हसलो.

आता तर दोन्ही डावी उमटत नाहीत, आणि परवापासून मागचं उजवंही फिकट पडलंय. पण खरं सांगू? मला तक्रार नाही. ट्रॅक्टर काय सुंदर चालतो! खुंटावरून जाताना एक धक्का नाही. पाळण्यात बसल्यासारखं वाटतं. डिझेल संपता संपत नाही. मी आता वावरातलं काम झालं की उगाच वाटेने एक फेरी मारतो. उतरावंसंच वाटत नाही. कांद्याचं रोप लावायचं राहिलंय, पण होईल.

दोन-तीन गोष्टी लिहितो, तुम्ही टायरवाले म्हणून. डाव्या मडगार्डवर सगळीकडे धूळ असते, पण एक पंज्याएवढी जागा रोज घासून चकचकीत झालेली असते. मी तिथे हात लावत नाही. उजव्या मडगार्डवरही आता तशीच जागा दिसते. आणि इंजिन बंद केलं की थोडा वेळ कोणीतरी धापा टाकतंय असं ऐकू येतं, चाकाशी, अगदी जवळ. घामाचा वास येतो. मी वाकून पाहिलं, कोणी नाही. पानं सुद्धा हलत नव्हती. भीती मात्र वाटली नाही. उलट त्यांची दया आली. कोणाची ते विचारू नका, मलाच ठाऊक नाही.

दिवल्याबाबांना विचारलं, हात का जोडता. त्यांनी माझी नाडी बघितली. खरंच, मनगट धरून बघितली! मग म्हणाले, "अजून बोली ऱ्हायना तू. चांगलं शे." म्हणजे मी अजून बोलतोय, हे चांगलं आहे म्हणे! आणि निघून गेले. म्हातारं चळलंय.

प्रेमराज


पिंप्राळा
७ डिसेंबर २०२४

अरे गाढवा, त्या वाटेवर पाऊल ठेवू नकोस.

हा कागद मिळेल तेव्हा तू ट्रॅक्टरवर असशील तर आधी उतर, मग पुढचं वाच.

तुझं पत्र वाचून मी चहा तसाच ठेवला. मामी विचारत होती काय झालं, मी तिच्या ओठांकडे न बघता कळत नसल्याचं सोंग केलं. पुढचा मागे आणि मागचा पुढे, हे तू हसत लिहिलंस. प्रेमराज, तू अजून कोणाला खांदा दिलेला नाहीस, आबांच्या मयतीच्या वेळी तुला ताप होता म्हणून तू घरीच होतास, म्हणून तुला कळलं नाही. मी पुष्कळांना दिलाय. तिरडी उचलली की मधे कुठेही खाली टेकवायची नाही. वाटेत एकच जागा असते, विसावा. तिथे एक दगड असतो. तिथे तिरडी ठेवतात, दाणे टाकतात, आणि खांदेकरी जागा बदलतात. पुढचे मागे, मागचे पुढे. मग पुन्हा उचलतात आणि थेट नदीवर.

तू देवाने ठेवली म्हणतोस ती वाट पाड्याची मयतीची वाट आहे. म्हणून तिच्यावर रोप उगवलं नाही, म्हणून कोणी तिथून चालत नाही. आणि तू जो पाटासारखा दगड चाकाला लावतोस, तो त्यांचा विसावा आहे. इतक्या माणसांना टेकवून झिजलेला.

जे खांदेकरी होऊन गेले त्यांना आता टेकवायला जागा राहिली नाही. म्हणून जे काही त्या वाटेवर येईल त्याला ते खांदा देताहेत. आधी एक आला, मग दोन, आता तीन. ते वाईट नाहीत रे. मयताला खांदा देणारा माणूस वाईट नसतो. थकलेले आहेत, म्हणून धापा टाकतात. पण ते कोणाला उचलून चाललेत? वर कोण बसलंय? लोक हात कोणाला जोडतात? मडगार्डवर खांदा लागतो, म्हणून ती जागा घासली जाते. गाडी हलकी चालते म्हणून तू खूश. चौथं चाक उचललं गेलं की तुझ्यात आणि तिरडीवरच्यात काय फरक राहिला?

आता मी सांगतो ते जसंच्या तसं कर. दगड होता तिथे परत ठेव. जागा सापडत नसेल तर दिवल्याबाबांचे पाय धर. ट्रॅक्टर दगडापाशी आण, इंजिन बंद कर, खाली उतर. दगडावर मूठभर दाणे ठेव आणि म्हण, बाबांनो, टेकवा आता. मग पायी घरी जा. मागे वळून पाहू नकोस आणि त्या ट्रॅक्टरवर पुन्हा बसू नकोस. विसाव्यावर जे टेकवलं ते पुन्हा उचललं की पुढे एकच ठिकाण उरतं, हे लक्षात ठेव. ट्रॅक्टर गंजला तर गंजू दे. टायर मी तुला दुसरे देईन, दुसरा ट्रॅक्टरही देईन.

आणि तसाच निघून जळगावला ये. सुलक्षणेला मी काही सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, रान तयार झालं का?

वनामामा


पिंप्राळा
२१ डिसेंबर २०२४

प्रेमराज,

उत्तर नाही. कंडक्टर म्हणतो पत्र पोहोचवलं. दोन ओळी लिही. मी येणार होतो, पण सुलक्षणेचे पाय सुजलेत, डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतलंय. मामी एकटी पडेल. तिला सोडून निघता येत नाही आणि इथे बसवत नाही.

शेवग्याच्या शेंगा आणल्या होत्या, त्या तशाच वाळून गेल्या. घरात कोणाचंच कशात लक्ष नाही. लिही रे.

वनामामा


मोहपाडा
२९ डिसेंबर २०२४

मामा, दंडवत.

उशीर झाला, रागावू नका. दिवस कसे जातात कळतच नाही.

आधी आनंदाची गोष्ट. तुमचं औषध लागू पडलं! दिवल्याबाबांनी जागा दाखवली. दगड ठेवताना ते आणि पाड्यातली काही माणसं आली. मी ट्रॅक्टर आणला, मागे कांद्याची रोपं भरलेली ट्रॉली. येताना पाहिलं तर एकाही चाकाची चाकोरी नव्हती. चारी बाजूंना कोरी माती. इंजिन बंद केलं, उतरलो, दाणे ठेवले, तुम्ही सांगितलं तसं म्हटलं. मामा, त्या क्षणी सगळ्या रानाने श्वास सोडला. मोठ्या ओझ्याखालून बाहेर आल्यावर माणूस सोडतो तसा. दिवल्याबाबा रडले. मलाही रडू आलं, का ते सांगता येत नाही.

मग मी पायी निघालो. निम्म्या वाटेत आठवलं, कांद्याची रोपं ट्रॉलीत तशीच आहेत, उन्हात करपतील. सगळी मेहनत वाया जाईल, सुलक्षणा येईल तेव्हा वावर उघडं दिसेल. म्हणून परत गेलो. फक्त घराच्या अंगणापर्यंत न्यायचा, एवढंच मनात होतं. दिवल्याबाबा आडवे आले, हात पसरून. मी त्यांना बाजूला केलं आणि चढलो. तुम्ही रागवाल, पण रोपं वाचली.

चढल्यावर मात्र ट्रॅक्टर घराकडे वळला नाही. स्टिअरिंग मी धरलेलं होतं, पण तो नदीकडे निघाला, शांतपणे, इंजिन चालू न करता. चारी बाजूंनी पावलं ऐकू येत होती, एका ठेक्यात. मी काही केलं नाही. करावंसं वाटलं नाही. नदीच्या काठी येऊन ट्रॅक्टर हळूच खाली टेकला. खाली टेकला म्हणजे तो वर होता हे मला तेव्हा समजलं. थोडा वेळ मी तसाच बसून राहिलो. कोणीतरी येईल असं वाटत होतं. कोणी आलं नाही. मग उतरून घरी आलो.

पण आता बघा! त्या दिवसापासून चारी चाकं उत्तम उमटतात. वाटेवर, वावरात, कुठेही. दातांचे ठसे खोल, टोकं मागे, तुम्ही पाहिलं तर पाठ थोपटाल. ट्रॅक्टर पुन्हा जड झालाय. कांदा लावून झाला.

मीच जरा हलका झालोय. भूक फारशी लागत नाही, थकवा अजिबात नाही. दिवसभर अनवाणी फिरतो, पायात एक काटा मोडला नाही, आणि या रानात! काल दिवल्याबाबांची सून रुपली अंगण सारवून गेली. ओल्या सारवणावरून मी दोनदा आत-बाहेर केलं. ती परत आली, अंगणाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि शेण तसंच टाकून निघून गेली. मी पाहिलं, सारवण छान होतं, एक सुद्धा डाग नव्हता. काय बिघडलं तिचं?

सुलक्षणेला सांगू नका मी वाळलोय म्हणून, काळजी करेल. बाळ झालं की कळवा, लगेच येतो. चार ओळखीची वाटणारी माणसं म्हणताहेत, आम्ही पोहोचवतो तुला. रोज दुपारी येऊन अंगणाबाहेर उभी राहतात. चांगली माणसं आहेत, पण फार बोलत नाहीत.

तुमचा,
प्रेमराज


पिंप्राळा
९ जानेवारी २०२५

माझ्या लेकरा,

तुला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत, कालच घरी आणलं. नर्सने पोर माझ्या हातात दिली तेव्हा माझे हात खाली गेले, एवढी ठणठणीत आहे. मी ओरडलोच, अरे केवढं वजन! सगळा वॉर्ड हसला म्हणे. मला ऐकू आलं नाही, पण मामीच्या तोंडावर दिसलं. मग मी बाहेर जाऊन रडलो.

तुझं पत्र मी एकट्याने वाचलं, खूपदा. तुला रागवायचं होतं, पण राग येत नाही. रोपं करपतील म्हणून तू परत गेलास. शेतकऱ्याचा पोर आहेस, दुसरं काय करणार होतास?

तुझ्यापासून लपवत नाही. रुपलीने अंगणात पाहिलं ते मी इथे बसून पाहिलं. डाग नव्हता, कारण तुझं पाऊल उमटलं नाही. विसाव्यावरून तुला पुन्हा उचललं, नदीवर नेलं आणि टेकवलं. तू ज्याची वाट बघत बसलास तो अग्नी देणारा होता. तो आला नाही, कारण तुझं मरण झालेलंच नाही. तू मधेच राहिलास. आणि अंगणाबाहेर उभे आहेत ते तुझं उरलेलं काम करायला उभे आहेत. ते चांगले आहेत हे मलाही मान्य आहे. पण त्यांच्याबरोबर निघू नकोस. ते पोहोचवतो म्हणतात ते जळगावला नाही.

आता ऐक. बोदवडला आमच्या लहानपणी रतिलाल नावाचा माणूस तिरडीवर उठून बसला होता. लोक पळाले. त्याचं पाऊलही मातीत उमटत नव्हतं, मी स्वतः पाहिलंय, तेव्हा माझे डोळे-कान सगळं शाबूत होतं. त्याला गावात कोणी घेईना. त्याच्या आईने भरलेला हंडा त्याच्या डोक्यावर दिला आणि म्हणाली, हे घेऊन घरापर्यंत चल. तो चालला. वेशीपाशी ठसा नव्हता, मारुतीपाशी टाचेचा उमटला, आणि दारात आला तेव्हा पाचही बोटं उमटली. नंतर त्याने नातवंडं पाहिली.

ट्रॅक्टरला वजन पाहिजे म्हणून मी तुला पाणी भरायला लावलं. माणसालाही वजनच पाहिजे रे, मला ते आधी सुचलं नाही. तुझं सगळं वजन इथे ठेवलंय, मामीच्या मांडीवर, हातपाय झाडत. सुलक्षणा म्हणते, बापाने मांडीवर घेतल्याशिवाय नाव ठेवायचं नाही. मी तिला सगळं सांगितलं, काल. मला वाटलं होतं घाबरेल. ती म्हणाली, "मामा, त्यांना लिहा, कसेही या, पण या."

म्हणून लिहितो. ट्रॅक्टरवर बसू नकोस. दुधाच्या गाडीत बसू नकोस. एसटीतही नको. रानापासून पायी निघ, कितीही दिवस लागू देत. साक्रीवरून धुळ्याला, तिथून इकडे, दिवसाउजेडी, भर रस्त्याने. तुझ्या वावरातला सगळ्यांत जड दगड उचल, नाहीतर खताची गोणी घे, पण काहीतरी घे, आणि खाली ठेवू नकोस. खांदा दुखला तर देवाचे आभार मान. पायात काटा मोडला तर मोठ्याने ओरड. मी धुळ्यापर्यंत समोरून चालत येतो, उद्या सकाळी निघतोय. चालताना मी तुझ्याकडे बघणार नाही, तुझ्या मागच्या मातीकडे बघणार.

वाटेत ते चौघे येतील. खांदा बदलू का विचारतील. त्यांना हात जोड आणि सांग, माझं ओझं माझ्याच खांद्यावर राहू द्या.

चालत ये, प्रेमराज.

वनामामा